दाखवायचा रुमाल

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

सकाळच्या प्रार्थनेआधी सिस्टर रांगेतून रुमाल तपासत फिरायच्या, ते तुला आठवतं का? तळहात पुढे करायचे आणि त्यावर घडी घातलेला रुमाल ठेवायचा. बाकीच्या मुलींकडे एकेक असायचा, आपल्या दोघींकडे दोन दोन. आईचीच ती युक्ती. एक दाखवायचा, एक वापरायचा. दाखवायचा इस्त्रीचा असे, त्याच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचं फूल. वापरायचा म्हणजे बाबांच्या जुन्या शर्टाचा तुकडा, बाहीत खुपसलेला. एकदा घाईत तू चुकीचा पुढे केलास. सिस्टरांनी तो चिमटीत धरून उंच केला आणि अख्ख्या शाळेसमोर विचारलं, "हे काय आहे?"

तू म्हणालीस, "सिस्टर, हा ताईचा आहे."

मी म्हटलं, "हो, माझाच."

मग मी वर्गाबाहेर उभी राहिले आणि तू तुझ्या वर्गाच्या खिडकीतून माझ्याकडे बघून हळूच शिंकलीस. मधल्या सुट्टीत तुझ्या डब्यातलं निम्मं मला दिलंस, तेही मोठं निम्मं. त्या दिवशी मी तुझ्यावर रागावले नव्हते. हे सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

बारा वर्षं मी लिहिलं नाही, कारण फोनवर तू एक वाक्य बोललीस आणि मग म्हणालीस, "लिहू नकोस." आता लिहिते आहे त्याला निमित्त तुझी लेक. तिच्यावर रागावू नकोस. गेल्या रविवारी तिचा फोन आला.

"मावशी, मला तुझं ते झालंय."

"माझं काय ग?"

"नाक. डोळे. उठल्यापासून पंचवीस शिंका. ऑफिसात गेले की सगळे म्हणतात, ही आज पण रडून आली."

"मग तू काय सांगतेस?"

"सांगते, नवरा चांगला आहे हो, नाकच वाईट आहे."

किती दिवसांनी मी मोठ्याने हसले. तिला काय काय करायचं ते मी सांगितलं, पण ऐकता ऐकता तीच शिंकत होती, तेव्हा निम्मं वाहून गेलं असणार. म्हणून इथे लिहिते. तू तिला वाचून दाखव.

वाफ घ्यायची तर घे म्हणावं. बरं वाटतं, पण तासाभरच. खरा उपयोग मिठाच्या पाण्याचा. पाणी उकळून, पूर्ण गार करून घ्यायचं. नळाचं तसंच वापरायचं नाही. त्यात मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. मान कलती करून एका नाकपुडीतून घालायचं, दुसरीतून येऊ द्यायचं. पहिल्या दिवशी बुडल्यासारखं होईल, तिसऱ्या दिवशी सवय होते. बाहेरून आल्यावर पहिलं काम कपडे बदलायचं आणि केस धुवायचे, कारण जे त्रास देतं ते आपणच अंगावर घेऊन उशीपर्यंत पोचवतो. कपडे बाहेर दोरीवर वाळत घालायचे नाहीत. नाकाच्या कडेला आतून व्हॅसलिनचं बोट फिरवायचं. डॉक्टरने फवारा दिला तर डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत आणि उजव्या हाताने डावीत मारायचा, म्हणजे मधल्या पडद्यावर बसत नाही. जोरात ओढायचा नाही. आणि तो त्रास सुरू झाल्यावर नव्हे, त्याच्या दोन आठवडे आधी सुरू करायचा असतो. हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. तिला छत्तिसाव्या वर्षी कळू दे.

मध खाऊ नकोस म्हणावं, निदान औषध म्हणून तरी. शेजारचे पेन्शनरकाका दर वर्षी मला एक बरणी आणून देतात. "वहिनी, याने मुळापासून जातं." मी लग्न न केलेली बाई, पण तीस वर्षं ते मला वहिनीच म्हणतात. मध आणि वहिनी, दोन्हींना मी आता नाही म्हणत नाही.

झाडाबद्दल या पत्रात काही लिहिणार नव्हते. लिहिलेलं नाही.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं उत्तर नाही. यायलाच हवं असंही नाही. लेक म्हणाली, माझं पत्र तुझ्या चष्म्याच्या डबीखाली ठेवलेलं दिसलं. फोडलं की नाही ते तिला माहीत नव्हतं. पण चष्म्याखाली ठेवलंस म्हणजे वाचलं असशील, असं मी धरून चालते.

ते उपाय मला कुणी शिकवले ते मी मागच्या पत्रात सांगितलं नाही. गेल्या मार्चमध्ये माझं हे नाकाचं दुखणं छातीत उतरलं. भाजी घेऊन येताना फाटकाशी श्वास अडकला. पेन्शनरकाकांनी रिक्षात घातलं. मग ॲलर्जीच्या डॉक्टरकडे जावं लागलं. खुर्चीतली मुलगी माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, मी तिसरीत तुमच्याकडे होते."

"कितवा बाक?"

"खिडकीजवळचा. आम्ही तुम्हाला शिंकबाई म्हणायचो."

"माहीत आहे. फळ्यावर कुणी लिहिलं होतं तेही माहीत आहे."

ती कानापर्यंत लाल झाली. "मग शिक्षा का नाही केलीत?"

"अक्षर फार सुंदर होतं."

तिने माझी तपासणी करायची ठरवली. त्याआधी सात दिवस गोळ्या बंद. त्या सात दिवसांबद्दल लिहीत नाही, तुला कल्पना येईल. मग माझा हात पालथा करून तिने कोपरापासून मनगटापर्यंत पेनने एक ते बावीस आकडे लिहिले, प्रत्येकापाशी एक थेंब ठेवला आणि थेंबातून सुईचं टोक टेकवलं. वीस मिनिटं खाजवायचं नाही. वर्गात मुलांना हाताची घडी घालून बसवायचे, तशी मी बसले. माझ्या डोळ्यांदेखत एकेक आकडा फुगत होता. नंतर तिने छोटी पट्टी घेऊन गांधी मोजल्या आणि ओळीने वाचत गेली, मी त्यांच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे तशी.

"धूळ चार. मांजर शून्य." म्हणजे काकांच्या मांजरांना मी तीस वर्षं उगाच हाकललं. "गवत, बारा. बाई, बारा म्हणजे खूप आहे."

"सातवा आकडा सांग."

"सातवा शून्य."

सातवा कुठला ते तुला कळलं असेल. तिच्याकडे त्या जातीच्या झाडाच्या परागांचा थेंब होता, आणि मी मुद्दाम तिच्याकडून तो लावून घेतला होता. मी म्हटलं, चुकलं असेल, पुन्हा लाव. तिने दुसऱ्या हातावर पुन्हा लावला. तिथे सुईचा लाल ठिपका उरला, बाकी काही नाही.

"बाई, ज्याला अशी भडक पिवळी फुलं येतात ना, त्याचे पराग जड असतात, चिकट. ते मधमाशा नेतात, वारा नाही. जे डोळ्यांना दिसतं ते बहुतेक वेळा नाकात जात नाही. गवताला फूल येतं ते कुणाला दिसतही नाही, पण तेच हवेत असतं. दोन्ही एकाच महिन्यात फुलतात, म्हणून सगळे झाडाला धरतात."

ती बिचारी सहज विचारत होती. "कुठे आहे ते झाड? अंगणात?"

"होतं."

"मोठं होतं? सावली असेल मग. खाली गवत यायचं?"

"नाही. नुसती माती होती. पायाला गार लागायची."

"आणि आता?"

धाकटे, आता तिथे गवत आहे. कमरेइतकं. दर वर्षी कापून घेते आणि दर वर्षी जास्त येतं. झाड गेल्यापासून माझ्या शिंका कमी नाही झाल्या, दुप्पट झाल्या, आणि हे मी तुला, तुझ्या लेकीला, कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझ्या लेकाने, खारूने, चौथ्या वर्षी पत्र्याच्या डब्यात बी लावलं, डब्यातून अंगणात लावलं. नवव्या वर्षी तो गेला. तू घर सोडून दूर निघून गेलीस आणि झाड माझ्या हवाली केलंस. ते अठरा वर्षं माझ्या दारात उभं राहून गवताला उगवू देत नव्हतं. आणि मी ते पाडलं, तुला न विचारता.

आज इतकंच. डोळे फार पाणावलेत. खिडकी उघडी राहिली होती.

ताई


८ मार्च

प्रिय धाकटे,

खिडकी बंद होती.

शाळेत शुक्रवारी काही मुली चॅपलमध्ये कबुलीजबाबाला जायच्या, आणि परत येऊन कशा निवांत डबा खायच्या, आठवतं? तू म्हणायचीस, "ताई, आपल्याला का नाही ग असं?" आपल्याला ती सोय नव्हती. मला वाटतं म्हणूनच माझं इतकं साचलं.

तर ऐक. बारा वर्षांपूर्वीच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं, "डॉक्टरांनी सांगितलं आहे की झाड काढल्यावाचून गत्यंतर नाही." असा कुठलाही डॉक्टर नव्हता. पेन्शनरकाका एके सकाळी स्कूटरवरचा पिवळा सडा झटकत म्हणाले होते, "वहिनी, हाच कचरा तुमच्या नाकात जातो बघा." एवढंच. मी त्या वाक्याला पांढरा कोट घातला आणि तुला पाठवलं. काकांना यातलं काही माहीत नाही. त्यांना दोष देऊ नकोस.

दुसरं म्हणजे, मी हे घर सोडते आहे. या वेळी खरंच डॉक्टरने सांगितलं आहे. आजूबाजूला सगळी मोकळी जागा, सगळीकडे गवत. आणखी एक वसंत माझी छाती काढेल असं तिला वाटत नाही. निवृत्त शिक्षिकांच्या वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावर एक खोली मिळाली आहे. घर शाळा घेते आहे, इथे बालवाडी होईल. एकतीस मार्चला किल्ली द्यायची.

सामानासाठी खोकी हवी होती म्हणून सुताराला बोलावलं. तोच, ज्याने झाड पाडलं होतं. आता केस पिकलेत, कानामागे पेन्सिल मात्र तशीच. पुस्तकांचं कपाट मोजता मोजता म्हणाला, "बाई, तुमच्या झाडाचा एक ओंडका अजून पडलाय माझ्याकडे."

मी विचारलं, "बाकीच्याचं काय केलंस?"

"खोकीच केली. हलकं लाकूड, दुसरं काय होणार त्याचं. पण तो एक ओंडका कापेना. माझं करवतीचं नवं पातं गेलं त्यात, दोन दात उडाले. तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोललो असेन."

"मला कशाला?"

"आत लोखंड आहे, बाई. आधी सांगायचं ना. मग तसाच ठेवला कोपऱ्यात. बारा वर्षं त्यावर बसून चहा पितोय."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या कारखान्यात गेले. नाकावर मास्क, डोळ्यांवर गॉगल. भुशात शिंकत शिंकत मी त्या ओंडक्यापाशी बसले. अर्धवट कापलेली खाच होती आणि खाचेत आत खिळ्याचं डोकं चमकत होतं. लोखंडाभोवती लाकूड निळंकाळं झालं होतं, मार बसल्यासारखं.

"हा इतका आत कसा गेला?" मी विचारलं.

"तो कुठे जातोय? तो तिथेच आहे. लाकूड त्याच्याभोवती आलं."

खारूचा खिळा, धाकटे. दप्तराचा. शाळेतून आला की घरात यायच्या आधी झाडावर चढायचं असायचं, आणि दप्तर मातीत टाकलं की तू ओरडायचीस. म्हणून मी तो ठोकून दिला होता. सुतार म्हणाला, बसायला दुसरा ओंडका बघतो, हा घेऊन जा. मी टेम्पोतून तो घरी आणला. आता पुढच्या खोलीत आहे. त्याच्याकडे बघत हे लिहिते आहे.

तो तुझा आहे. एकतीस तारखेच्या आत येशील का न्यायला?

ताई


१७ मार्च

प्रिय धाकटे,

तू आली नाहीस, लिहिलं नाहीस. बरोबरच आहे. मी तुला ओंडका देऊ केला, आणि जे द्यायचं होतं ते अजून दिलेलं नाही.

त्या सकाळी खारूचे डोळे लाल होते आणि नाक वाहत होतं. तू निघायच्या घाईत, एक चप्पल पायात, एक हातात. त्याच्या कपाळाला हात लावून म्हणालीस, "ताई, कोमट लागतोय. राहू का आज घरी?"

मी म्हटलं, "जा ग. झाडाला फुलं आलीत ना? आपल्या घराण्याची शिंक आहे ती. संध्याकाळपर्यंत होईल बरा."

तू म्हणालीस, "नक्की?"

मी म्हटलं, "मला विचारतेस? या विषयात मी डॉक्टरेट केलीय."

तू हसलीस आणि गेलीस. इतकंच. हे वाक्य मी तीस वर्षांत कुणासमोर उच्चारलेलं नाही.

मी त्याला वाफ दिली. दुपारी तो म्हणाला, "मावशी, पडदा ओढ, उजेड टोचतो." मला उजेड टोचायचा तसाच त्याला टोचत असेल असं वाटलं. मान दुखते म्हणाला. मी म्हटलं, झाडावर लोंबकळतोस, दुखणारच. गार पाण्याच्या पट्ट्या डोळ्यांवर ठेवल्या, आपल्या आईने आपल्याला ठेवल्या तशा. दुसरं कुठलं घर असतं, ज्या घरात कुणी कधी शिंकलं नव्हतं, तर तिथल्या बाईने सकाळीच मुलाला उचलून नेलं असतं. आपल्या घरात लाल डोळ्यांची कुणाला भीतीच नव्हती. संध्याकाळी तू आलीस आणि हाक मारलीस, तर त्याने ओ दिली नाही.

तिसऱ्या दिवशी, मेंदूज्वर हे नाव कळल्यावर, हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना तू माझ्यासमोरच विचारलंस, सकाळी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. मी त्या तीन शब्दांना धरून जगले. "सांगता येत नाही." त्याचा अर्थ मी स्वतःपुरता "काही फरक पडला नसता" असा करून घेतला.

तू मला कधी काही बोलली नाहीस. माझ्या गळ्यात पडून रडलीस, माझ्या हातचं जेवलीस, मग बदली मागून घेऊन दूर गेलीस. मला वाटलं, हिला ते वाक्य आठवत नसावं. आणि दर वर्षी मार्च आला की दारातलं झाड नखशिखांत पिवळं व्हायचं. मी खिडकीत उभी राहायचे. माझे डोळे वाहायचे. शेजारी विचारायचे, "काय झालं बाई?" मी म्हणायचे, "ॲलर्जी." कुणी शंका घेतली नाही. मला स्वतःलाही कळेनासं झालं होतं, यातलं कुठलं पाणी कशाचं. अठरा वेळा ते झाड फुललं. एकोणिसाव्या वेळी कळ्या धरल्या आणि मी सुताराला बोलावलं.

माझं नाक हे कारण नव्हतं. नाक हा माझा दाखवायचा रुमाल होता.

पत्र पोचल्यावर तू फोन केलास. "ताई," तू म्हणालीस, "तू दोनदा झाडाचं नाव पुढे केलंस." मग "लिहू नकोस" म्हणालीस आणि फोन ठेवलास. बारा वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की तुझ्या बोलण्याचा अर्थ मला लागला नाही. त्याच मिनिटाला लागला होता. तुला ती सकाळ पहिल्यापासून आठवत होती. तू ती मला माफ केली होतीस, न बोलता, आणि मी तुझ्या मुलाचं झाड पाडून त्यावर पुन्हा तेच खोटं लिहून पाठवलं.

शाळेत तू माझं नाव पुढे केलंस तेव्हा तू आठ वर्षांची होतीस, आणि मी तुझ्यासाठी बोलले. झाडाला बोलता येत नव्हतं.

माफ कर असं मी लिहिणार नाही. लिहिलं की तुला उत्तर देणं भाग पडेल.

ताई


२६ मार्च

प्रिय धाकटे,

काल दुपारी खोकी बांधत होते तेव्हा लेकीचा फोन आला. आवाज दबका.

"मावशी, आई विचारतेय, तो खिळा जमिनीपासून किती उंचीवर होता?"

"ती आहे का तिथे?"

"शेजारी बसलीय. बोलत नाही. नुसतं विचार म्हणाली."

मी काही बोलणार तेवढ्यात तिच्या पलीकडून शिंक ऐकू आली. लागोपाठ दोन, मग जरा थांबून तिसरी. जगात कुठेही ऐकली तरी मी ती ओळखेन. आपण दोघी एका पांघरुणात झोपायचो तेव्हा त्या तिसरीची वाट बघत मी जागी राहायचे. मी लेकीला म्हटलं, उंची पत्राने कळवते. फोनवर मला सांगता आलं नसतं.

तीन फूट तीन इंच.

मी तो ठोकला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. हात वर न करता दप्तर अडकवता यावं म्हणून मी त्याला झाडाला पाठ लावून उभं केलं आणि खांद्याच्या रेषेत खूण केली. त्याला वाटत होतं झाड वाढेल तसा खिळाही वर जाईल, आणि एक दिवस दप्तर छपरावर पोचलं की शाळेला सुट्टी. मी त्याला सांगितलं, अरे, झाड शेंड्याकडून वाढतं, खिळा आहे तिथेच राहतो. तो फार हिरमुसला होता.

एकतीसला सकाळी दहा वाजता मी किल्ली देईन. तू आलीस तर मी असेन. नाही आलीस तर सामान सुतार आपल्या टेम्पोतून पोचवेल, त्याला पत्ता दिला आहे. कुणाला काय, ते खाली लिहिते. माझं मागेपुढे काही झालं तरी हेच धरावं.

मिठाच्या पाण्याचं चंबूसारखं भांडं आणि उपायांची वही तुझ्या लेकीला. वहीच्या शेवटच्या पानावर मी तारीख घातली आहे, दर वर्षी त्या दिवशी फवारा सुरू करायचा. तिने तपासणीही करून घ्यावी. नुसत्या अंदाजाने कशालाच दोष देऊ नये. आणि घरात कुणाचे डोळे लाल झाले, अंग तापलं, तर शिंक म्हणून सोडू नये. त्याच दिवशी दाखवून आणावं. हे तिच्याकडून वदवून घे.

मधाच्या अकरा बरण्या पेन्शनरकाकांना परत. सील तशीच आहेत. त्यांना सांगावं, वहिनी बऱ्या झाल्या. त्यांच्या मांजरीसाठी माझी वेताची खुर्ची, तिला ती पहिल्यापासून आवडायची.

पुस्तकांचं कपाट डॉक्टरीणबाईंना. खालच्या खणात तिच्या वर्गाचा फोटो आहे, खिडकीजवळचा बाक नीट दिसतो.

हत्यारांची पेटी आणि व्हरांड्यातला बाक सुताराला. त्याचं बसायचं आसन मी काढून घेतलं आहे.

निळ्या फुलाचे दोन्ही रुमाल, तुझा आणि माझा, तुझ्याकडे असू देत. मला आता दाखवायचे नकोत. वापरायचे पुष्कळ आहेत.

ओंडका तुला. सुताराकडून त्याला दोन फूट चार इंच उंचीची बैठक करून घेतली आहे. मुळाकडची बाजू खाली ठेवायची, तिथे मी खडूने फुली केली आहे. सुताराने खाच छिनीने मोकळी केली आहे, खिळ्याचं डोकं आता बाहेर दिसतं. बैठकीवर ठेवलास की ते जमिनीपासून बरोबर तीन फूट तीन इंचांवर येतं. मी स्वतः पट्टीने मोजलं आहे, दोनदा.

आणि दप्तर. तू विचारलं होतंस तेव्हा मी म्हटलं होतं, शाळेत राहिलं असेल. ते शाळेत नव्हतं. ते झाडावरच अडकवलेलं होतं, आणि ते कुणाच्याही हाती द्यायला माझं मन होईना, तुझ्याही. माझ्या कपाटात, साड्यांच्या मागे, तीस वर्षं आहे. बक्कल गंजलं आहे. मी उघडलेलं नाही. आदल्या सकाळी तू भरून दिलंस आणि शाळेतून येऊन त्याने अडकवलं, तसंच आहे. तेही तुला. उघडायचं की नुसतं खिळ्याला लावून ठेवायचं, ते तू ठरव.

तुझी
ताई